पोटमाळ्यावर काकांची जुनी एअरफिक्स-फ्रॉगची विमानं सापडली, पावसाआधी काय करू?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बरीच वर्षं पण लिहितोय पहिल्यांदा, कारण वेळ कमी आहे आणि गावात विचारायला दुसरं कोणी नाही. घर आमचं गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी, जुनं चिऱ्याचं, कौलारू. परवा कौलं परतायला माणसं येणार म्हणून पोटमाळा रिकामा करत होतो तर सगळ्यात मागे घोंगडीखाली काकांची पत्र्याची ट्रंक निघाली. काका बोटीवर होते, १९६८ ते १९८४, इंजिनरूमला. बोट इंग्लंडला लागली की तिथल्या दुकानातून एअरफिक्स, फ्रॉग असल्या कंपन्यांची विमानाची किट घ्यायचे, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचं छोटं विमान, घरी आले की आम्हा पोरांना वरचं चित्र दाखवायचे आणि परत ट्रंकेत. म्हणायचे, बोट सोडली की बसून जोडीन निवांत. बोट सोडली आणि मग बाग, कोर्टाची कामं, काकूंचं आजारपण, आणि आता डोळे. सध्या काका डोंबिवलीला मुलीकडे असतात, वय ७७.

ट्रंकेत एकूण अकरा किट आहेत. एअरफिक्सची चार पिशवीतली, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी आणि वर घडी घातलेला कागदाचा हेडर पिन मारून लावलेला, त्यात एक नॅट आणि एक सी हॉक आहे, दोन्ही जेट विमानं. एअरफिक्सचाच एक मोठा बॉक्स, शॉर्ट संडरलँड, ती पाण्यावर उतरणारी. फ्रॉगची दोन, त्यातलं एक व्हल्टी व्हेन्जन्स. मॅचबॉक्सची तीन, एक ग्लॅडिएटर. आणि एक नोवो नावाचं, ही कंपनी मी कधी ऐकलीच नव्हती.

अवस्था सांगतो. हेडर पिवळे, पिना गंजून कागदात उतरल्यात, संडरलँडच्या बॉक्सच्या एका कोपऱ्याला पांढरी बुरशी आहे, दोन बॉक्सच्या कडा कसरीने कुरतडल्यात. काकू दर वर्षी न चुकता ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायच्या, त्यामुळे वास अजून येतोय आणि वाळवी मात्र लागली नाही, ते त्यांचं पुण्य.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. मृगाचा पाऊस तीन आठवड्यांवर आलाय, तोवर हे कसं ठेवायचं? याला काही किंमत येते का, कारण भाऊ म्हणतो विकून टाक, काकांच्या ऑपरेशनला होतील. आणि यातलं एखादं जोडलं तर पाप लागेल का? मी लहानपणी दोन किट जोडली होती, पण ती इथलीच, स्वस्तातली.

---

जांभा आणि रनर

दादा, बाकी सगळं नंतर, आधी उठून त्या डांबरगोळ्या बाहेर काढ. अगदी आत्ता. काकूंनी मायेनेच टाकल्या, आमच्या आईनेही टाकल्या होत्या, आणि पुस्तकांना कपड्यांना त्याचा फायदा होतो हे खरं आहे, पण ही विमानं पॉलिस्टायरीनची असतात आणि डांबरगोळीची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. बंद ट्रंकेत ती वाफ वर्षानुवर्षं कोंडलेली असते. कुठे गोळी थेट प्लॅस्टिकला टेकली असेल तिथे खड्डा पडलेला दिसेल, किंवा तो भाग चिकट लागेल. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, आधी तपास, पारदर्शक भागावर पटकन कळतं, धुरकट होतं. गोळ्या काढल्यावर किट लगेच परत कोंडू नकोस, आठवडाभर घरात सावलीला पसरून ठेव, वास उडू दे. आणि मऊ लागणाऱ्या भागाला हात लावू नकोस, हवेवर राहिला तर बराचसा परत घट्ट होतो, दाबलास तर बोटाचा ठसा कायमचा.

दुसरं, उन्हात घालू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात सगळं उन्हात घालायची सवय असते, गाद्या, कोकमं, आंबोशी, म्हणून मुद्दाम सांगतो. ऊन लागलं की बॉक्सवरचं चित्र उडतं आणि तापलेल्या पत्र्यावर पातळ पंख वाकतात. बुरशीला ओलं फडकं लावायचं नाही, बॉक्स आधी पंख्याखाली पूर्ण वाळू दे आणि मग तोंडाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झटक. ओलं पुसलंस की ती पुठ्ठ्याच्या आत जाते.

आता पावसाळ्याचं. मी रत्नागिरीत राहतो, गेली अठरा वर्षं किट जमवतो, आणि पहिल्या तीन पावसाळ्यांत जे गमावलं त्यातून हे शिकलोय. बुरशीला हवेतला ओलावा साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर लागतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याखाली जातच नाही. त्यामुळे कपाट कितीही भारी असो, उघड्या हवेत पुठ्ठा टिकत नाही. घट्ट झाकणाचे रबर लावलेले प्लॅस्टिकचे डबे घे, आत सिलिका जेल टाक, नारिंगी घे, ती ओली झाली की हिरवी पडते. वाळवायला जुना तवा वेगळा ठेव, स्वयंपाकाचा वापरायचा नाही, मंद आचेवर रंग परत येईपर्यंत. पावसाळ्यात मला महिन्यातून एकदा तरी हे करावं लागतं, आणि झाकण फक्त उघडीप असेल त्या दुपारी उघडायचं, मुसळधार चालू असताना पाहुण्याला दाखवायला म्हणून उघडलास तर आतली सगळी मेहनत गेली.

डबा जमिनीवर नको, बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून तर नकोच, चिरा पाणी पितो आणि सप्टेंबरपर्यंत देत राहतो. आणि पोटमाळ्यावर परत नको. कौलांखाली मे महिन्यात भट्टी आणि जुलैत पागोळी, दोन्ही वाईट. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट बघ.

कसरीला वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत घालून डब्याबाहेर कपाटात ठेव. कडुलिंबाचा पाला अर्धवट वाळलेला असतो, तो स्वतःच ओलावा आणतो, नको.

आणि प्रत्येक किट उघडून एक गोष्ट बघ, चाकं मऊ रबरासारखी आहेत का. काही जुन्या किटांत व्हायनिलचे टायर असायचे, त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि ज्या प्लॅस्टिकला टेकेल ते वितळवतं. असतील तर छोट्या वेगळ्या पुडीत. डिकलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांच्या, शीटवर बटर पेपर ठेव, नाहीतर आपल्या हवेत ती माहितीपत्रकाला चिकटून बसते.

---

खाडीपलीकडचा

दादा, तुमचं वाचलं आणि जेवण ठेवून उठलो. सतरा गोळ्या निघाल्या, काही नुसत्या साली राहिल्यासारख्या. नऊ किट ठीक दिसतायत. मॅचबॉक्सच्या एका बॉक्सला मागे पारदर्शक खिडकी आहे तिच्यावरच एक गोळी बसली होती, खिडकी चुरगळून आत गेलीय, आतल्या पंखाला अर्ध्या हरभऱ्याएवढा खळगा पडलाय, हात लावला नाही. आणि नॅटच्या पिशवीत कॅनोपी दुधाळ झालीय.

सी हॉक मात्र जशीच्या तशी. पिशवी फुटलेली नाही. आतून सगळे भाग रनरला, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिला, लागलेले दिसतात, एकही सुटा नाही.

एक विचारायचं राहिलं, डिकल सगळ्या पिवळ्या पडल्यात, पांढऱ्या जागा चहा सांडल्यासारख्या. त्या गेल्याच म्हणायच्या का?

---

दादर पश्चिम स्टॅश

डिकल गेल्या नाहीत. शीट झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटव, चित्राची बाजू बाहेर, जिथे ऊन येतं तिथे. पिवळेपणा उन्हाने फिका होत जातो, कधी चार दिवस लागतात कधी दोन आठवडे. रोज बघ, लाल रंग उडायला लागला तर काढ. हे एकच काम आहे ज्याला ऊन चालतं. आणि वापरताना जुनी डिकल पाण्यात टाकली की तुकडे होतात, म्हणून आधी वरून क्लिअर लॅकरचा पातळ हात मार, वाळू दे, मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून घे कारण लॅकरने सगळी शीट एक होते. पहिलं टेस्टिंग कुठल्यातरी बारीक निरुपयोगी अक्षरावर कर.

किमतीचं बोलतो, कारण भावाने ऑपरेशनचं मनात धरलंय आणि खोटी आशा लावून उपयोग नाही. एअरफिक्सची बरीचशी विमानं त्याच साच्यातून चाळीस-चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा निघाली, त्यामुळे आतल्या प्लॅस्टिकला फारसा भाव नाही, भाव आहे तो पिशवीला, हेडरला आणि चित्राला. हेडरवर लोगो बघ, लाल पट्टीतला असेल तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा धर, गोल असेल तर १९७३ नंतरचा. पिशव्या साधारण तेव्हाच बंद होऊन पुठ्ठ्यावरचे कडक प्लॅस्टिकचे ब्लिस्टर पॅक आले. त्या काळातली बरीच चित्रं रॉय क्रॉस यांची आहेत, १९६४ ते १९७४ त्यांनी एअरफिक्ससाठी काढली, आणि लोक आजही निव्वळ त्या चित्रासाठी रिकामे बॉक्स घेतात. तुझ्या संडरलँडच्या बॉक्सवर बुरशी एका कोपऱ्यातच आहे ना, मग तो वाचव.

फ्रॉग ही वेगळी गोष्ट. प्लॅस्टिकच्या विमानांची सुरुवातच त्यांची, १९३६ साली पेंग्विन नावाने, १/७२ स्केलमध्ये (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं), म्हणजे आज आपण सगळे ज्या स्केलमध्ये जमवतो ते रुजवलं त्यांनी. तेव्हाचं प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं, ते आकसतं, वाकडं होतं, म्हणून पेंग्विन धड अवस्थेत मिळणं कठीण. तुझी दोन त्यानंतरची, पॉलिस्टायरीनची असणार. फ्रॉग १९७६ मध्ये बंद पडली आणि बरेचसे साचे सोव्हिएत युनियनला गेले, तिथून जे निघालं ते नोवो. म्हणजे तुझं नोवो हे फ्रॉगचंच पोर आहे. जर्मन जपानी विमानांचे साचे मात्र रशियनांना नको होते, ते रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले.

मॅचबॉक्स १९७३ ला या धंद्यात आलं, दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये, रंग न लावताही पोरांना विमान रंगीत दिसावं म्हणून. रेषा खोल खणलेल्या, जाणते नाकं मुरडायचे, मला आवडतात. ते साचेही पुढे रेव्हेलकडे गेले आणि पुन्हा छापले गेले, म्हणून भाव मध्यम.

थोडक्यात, अकराचे मिळून एखाद्या ऑपरेशनचे पैसे होतील असं मला वाटत नाही. आणि ऑनलाइन लोक जी किंमत लावतात ती बघू नकोस, विकलं गेलेलं किती ला गेलं ते बघ, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाहेरून कोणी घेणारा मिळाला तरी पोस्टात बॉक्स दबतो, कस्टमचा त्रास वेगळा.

---

वेंगुर्ल्याचो

सी हॉक म्हटल्यार माका गप्प रवाक जमणा नाय.

वडील नेव्हीत होते, गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नेव्हीच्या विमानतळावर, ग्राउंड क्रू. लहानपणी आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा सी हॉक डोक्यावरून जायची तो आवाज मला अजून ओळखता येतो, बारीक शिट्टीसारखा सुरू होतो. ही विमानं जुन्या विक्रांतवर होती, ३०० स्क्वॉड्रन, व्हाइट टायगर्स, आणि १९७१ च्या डिसेंबरात कॉक्स बझार, चितगाववर हल्ले केले ते यांनीच. १९८३ ला सी हॅरिअर आली आणि हिचे दिवस संपले.

एअरफिक्सच्या किटमध्ये चिन्हं ब्रिटिश नेव्हीची असतात, पण आकार तोच आणि रंगही तोच, वर गडद करडा आणि खाली फिकट हिरवट स्काय, आपली विमानं सुरुवातीला त्याच रंगात होती. म्हणजे ब्रिटिश गोल काढून आपला तिरंगी गोल लावला आणि स्क्वॉड्रनचा उडी मारणारा वाघ काढला की विक्रांतवरचं विमान तयार. वाघ मी स्वतः बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात काढलाय, ००० नंबरचा ब्रश, तीन वेळा पुसून चौथ्यांदा जमला.

गोव्याला कधी गेलास तर वास्कोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम बघ, बोगमाळोच्या रस्त्याला, १९९८ मध्ये सुरू झालं. सी हॉक बाहेर अंगणात उभी आहे, जवळ जाऊन फिरून बघता येते. पंख मधून घडी होतात तो सांधा, चाकाच्या खोबणीतला रंग, पोटाखालचा हुक, सगळ्याचे फोटो काढ, किटमध्ये हे भाग अगदी सपाट दिलेत. अलिझे हे नेव्हीचं विमानही तिथे आहे आणि ती मोठी तीन शेपट्यांची सुपर कॉन्स्टेलेशन, आधी एअर इंडियाची, मग एअर फोर्सची, शेवटी नेव्हीची. खारी हवा त्या विमानांनाही सोडत नाही, दर वेळी गेलो की एखादा नवा गंजाचा ओघळ दिसतो.

नॅटबद्दल एक सांगतो म्हणजे फसगत होणार नाही. एअरफिक्सची जुनी नॅट ही दोन सीटची ट्रेनर आहे, रेड ॲरोज या ब्रिटिश एअर फोर्सच्या कसरतींच्या टीमवाली. आपल्या एअर फोर्सची नॅट एका सीटची, नाक पंख शेपूट सगळं वेगळं. श्रीनगरला १४ डिसेंबर १९७१ रोजी निर्मलजीत सिंग सेखों ज्या विमानातून लढले ते या किटमधून होत नाही, कितीही कापाकापी केली तरी. मी दोन वाया घालवली.

व्हेन्जन्स, ते दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर, मात्र जपून ठेव. ७ आणि ८ नंबरच्या स्क्वॉड्रननी ती १९४४ ला ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडवली, आपली पोरं होती त्यात, आणि या विमानाची किट करणाऱ्या कंपन्या फार थोड्या.

---

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणची. वरती सगळे जण ठेव ठेव म्हणतायत म्हणून लिहिते.

माझ्या बाबांकडे ६० च्या वर किट होती. अर्ध्यापेक्षा जास्त सीलबंद, कारण बाबांना वाटायचं उघडलं की किंमत जाईल. किंमत म्हणजे पैसे नाही, त्यांना विकायची कधीच नव्हती, पण ते न उघडलेलं असण्यात त्यांना काहीतरी वाटायचं. तळमजल्याच्या कपाटात, सिलिका जेल, पुरचुंडी, यादीची वही, सगळं व्यवस्थित. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी घरात शिरलं आणि सकाळी कपाटाच्या वरच्या फळीच्याही वर होतं. दोन दिवसांनी आम्ही खाली उतरलो तेव्हा दार उघडेना, आत पुठ्ठ्याचा लगदा फुगून बसला होता. प्लॅस्टिक तसं पाण्याने मरत नाही, पण रनर तुटून सगळ्यांचे भाग एकमेकांत आणि चिखलात, डिकल पाण्यात आपोआप सुटून कपाटाच्या पत्र्याला चिकटलेल्या. एक ब्रिटिश एअर फोर्सचा गोल कपाटाच्या दाराला आतून इतका सरळ बसला होता की कोणी मुद्दाम लावावा तसा. बाबांनी तो खरवडू दिला नाही, अजून आहे.

वाचली ती फक्त त्यांनी जोडलेली अकरा विमानं, कारण ती वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत दोऱ्याने टांगलेली होती.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे, जोडा. निदान अर्धी तरी जोडा. आणि जी ठेवायची ती तळमजल्यावर नको, तुम्ही खाडीच्या तोंडाशी आहात म्हणता. सीलबंद पिशवीतलं विमान कोणी पाहिलेलं नसतं हो, काकांनीसुद्धा नाही. डोळे अजून थोडे आहेत तोवर त्यांच्या हातात एक तरी तयार विमान द्या, बोटांनी तरी कळेल त्यांना पंख कुठे आहे.

बाबांनी त्या पुरानंतर एक किट घेतलं, फक्त एक, आणि ते त्याच आठवड्यात जोडायला घेतलं.

---

जांभा आणि रनर

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तळमजल्याचं मी लिहायला हवं होतं, राहिलं.

जोडण्याबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो पण विरोध नाही. माझा नियम असा, जे साचे पुन्हा पुन्हा निघतात ते जोडायचे, जे परत येणार नाही ते जपायचं, आणि ज्याचा बॉक्स आधीच गेलाय ते तर जोडायचंच. या हिशेबाने ती खळगा पडलेली मॅचबॉक्स पहिली जोडायला घ्या. खळगा पुट्टीने भरतो, घासला की दिसतही नाही, आणि हात बसेल. जुन्या प्लॅस्टिकला एक सांगतो, साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घ्या, साच्याचं तेल आणि आता डांबराचं काही राहिलं असेल तर तेही निघतं, नाहीतर रंग धरत नाही. पारदर्शक भागाला सुपरग्लू कधीच नाही, वाफेने पांढरा पडतो, पांढरा पीव्हीए गोंद लावा, वाळला की दिसत नाही.

दुधाळ कॅनोपीला दोन हजार ग्रिटच्या पाणपेपरने हलक्या हाताने घासून टूथपेस्टने पॉलिश करून बघा. धुरकटपणा वरवरचा असेल तर सुटेल, आतपर्यंत असेल तर नाही.

आणि पावसाळ्यात स्प्रे करू नका कोणी. रंग वाळताना हवेतला ओलावा धरतो आणि वर पांढरा मुलामा येतो. जोडकाम जुलै-ऑगस्टात खुशाल करा, दार लावून, बाहेर पाऊस असताना त्यासारखं दुसरं काम नाही. रंग दिवाळीनंतर.

---

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री काकांना फोन लावला आणि एकेक नाव वाचून दाखवलं.

त्यांना प्रत्येक कुठे घेतलं ते आठवत होतं. संडरलँड लिव्हरपूलला, पाऊस होता म्हणे आणि बॉक्स कोटाच्या आत धरून बोटीपर्यंत चालत आले. नोवो कोणा जोडीदाराने पत्त्यांत हरल्यावर पैशाऐवजी दिलं होतं. सी हॉकचं नाव घेतलं तर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, एकाहत्तर साली त्यांची बोट मुंबईत अडकली होती, ब्लॅकआउट चालू होता, आणि लढाई संपल्यावर पहिल्याच फेरीत ती पिशवी दिसली म्हणून घेतली. बाकीची मी आवडली म्हणून घेतली, ही त्यासाठी घेतली, असं म्हणाले. मी विचारलं विकू का ठेवू, तर म्हणाले भावाला सांग ऑपरेशनचं माझं मी बघतो, बोटीवर होतो, भिकेला लागलेलो नाही. आणि सी हॉक जोड. वाघ काढायचा असतो का ते मला माहीत नव्हतं, काढ.

तर ठरलं असं. खळग्याची मॅचबॉक्स पहिली, हात बसायला. मग सी हॉक. व्हेन्जन्स आणि संडरलँड डब्यात, माडीवरच्या मधल्या खोलीत, ताई तुमचं ऐकून. बाकीचं काका गणपतीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर. डिकल आज सकाळीच पूर्वेच्या खिडकीला लावल्यात, शेजारची पोरं येऊन विचारून गेली हे काय म्हणून.

आता एकच. सी हॉकची पिशवी उघडायची तर आहे, पण हेडरही वाचवायचाय, तो काकांना फ्रेम करून द्यायचा विचार आहे. पिन इतकी गंजलीय की ओढली तर कागद फाटणार.

---

दादर पश्चिम स्टॅश

ओढू नकोस. हेडर उलटा कर, मागे पिनेचे दोन दुमडलेले पाय दिसतील. कागद आणि पाय यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकव, जुन्या फोटो निगेटिव्हचा तुकडा उत्तम, म्हणजे खाली कागदाला काही लागणार नाही. मग बारीक चिमट्याने पाय एकेक करून उभे कर, गंजलेले असतील तर बहुतेक तिथेच तुटतील, तुटू दे. नंतर पुढून पिन अलगद वर उचल. तेल, गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे असलं काही लावायचं नाही, कागदावर डाग पसरतो. गंजाचा तांबडा डाग राहील, तो घालवायला जाऊ नकोस. आणि फ्रेम करताना काचेला हेडर टेकू देऊ नकोस, चारी बाजूंनी माउंट बोर्डाची जाड पट्टी लाव, नाहीतर पहिल्याच श्रावणात काचेला चिकटेल.

---

वेंगुर्ल्याचो

वाघाचा स्टेन्सिल माझ्याकडे आहे, १/७२ चाच, फोटोवरून मोजून केलेला. इथल्या मेसेजमध्ये पत्ता दे, सोमवारी पोस्टात टाकतो. माझा वाघ चौथ्यांदा जमला, तुझा पहिल्यांदा जमूंदे.